पेजने जे ठेवून दिलं

बरीच वर्षं माझं एक ठाम मत होतं. अल्बमवर आलेला टेक म्हणजे तडजोड. खरा वादक ऐकायचा असेल तर जे बाहेर आलं नाही ते ऐकावं: डेमो, सरावाच्या फिती, अर्ध्यावर सोडलेले टेक, कोणीतरी बंद करायला विसरलेल्या रेकॉर्डरने टिपलेलं काहीबाही. या मतापायी मी वाद घातले, मित्रांची डोकी खाल्ली आणि पगाराचा बराच भाग उडवला. आज ते मत माझं राहिलेलं नाही. एका फटक्यात गेलं असतं तर सांगायला सोपं होतं. ते झिजत झिजत गेलं, आणि थोडंसं अजून अंगात आहे.

माझा वादक जिमी पेज. लेड झेपेलिनचा गिटारवादक आणि त्यांच्या सगळ्या अल्बमांचा निर्माता. यातला ‘निर्माता’ हा भाग मी तेव्हा सोयीस्करपणे कानाआड करत असे. आता वाटतं, सगळा घोळ तिथेच होता.

हे मत मला रॉकने दिलेलं नाही, घराने दिलं. वडिलांकडे खासगी मैफिलींच्या फिती होत्या. कोणाच्या तरी दिवाणखान्यात केलेलं ध्वनिमुद्रण, त्यात खोकणं, तंबोरे जुळवणं, मधेच चहाच्या कपांचा किणकिणाट, आणि मग पाऊण तास चाललेला एखादा मारवा. बाजारात मिळणाऱ्या जुन्या तबकड्यांवर आमच्याकडे कोणाची फारशी श्रद्धा नव्हती. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ख्याल तेवढ्यात काय गाणार? गवयांनी त्यात राग कोंबून बसवले, काहींनी चमत्कार केले, पण तो नमुना. गाणं मैफिलीत. ख्यालाच्या बाबतीत हे समीकरण बरंचसं बरोबरही आहे. मी काय केलं, तर ते उचललं आणि जसंच्या तसं लेड झेपेलिनला लावलं. अल्बम म्हणजे तबकडी, म्हणजे नमुना. खरा पेज कुठेतरी एखाद्या फितीत बसलाय आणि ती फीत मिळवणं हे माझं काम.

मिळवायची तर ओळखी लागत. अधिकृत माल काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये मिळे (2016 साली ते दुकान बंद झालं तेव्हा सगळ्या मुंबईने उसासे टाकले, त्यातल्या बऱ्याच जणांनी तिथून काही विकत घेऊन जमाना झाला होता). अनधिकृत माल माणसांकडून माणसांकडे जाई. पुण्याचा एक जण, बेंगळुरूचे दोघे, आणि न्यू जर्सीला गेलेला माझा मावसभाऊ, ज्याला रॉकमध्ये काडीचा रस नव्हता पण मावशीचा शब्द मोडवत नव्हता. व्यवहाराचा रिवाज साधा: तुम्ही दोन कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी पाठवायच्या, एक भरून परत येणार, दुसरी त्याला. कॅसेटच्या आतल्या कार्डावर बॉलपेनने बारीक अक्षरात गाण्यांची नावं, कुठे ध्वनिमुद्रण झालं ते, आणि कोपऱ्यात ही कितवी प्रत आहे तो आकडा. तो आकडा म्हणजे इभ्रत. दुसरी प्रत असणाऱ्याने पाचवी प्रत असणाऱ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलायचं. प्रत्येक प्रतीला खरखर वाढायची आणि वरचे स्वर पुसट व्हायचे, त्यामुळे पाचव्या प्रतीत पेज शेजारच्या इमारतीत वाजवतोय असं वाटे. आम्हाला त्यातही गोडी होती. कष्टाने ऐकावं लागतं म्हणजे मोलाचं असणार.

माझ्या सगळ्या साठ्यात एका कॅसेटीचा मला विशेष माज होता, कारण ती मुंबईची होती. 1972 साली पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. बाकीचे दोघे, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम, या खेपेला नव्हते. तेव्हाचाच कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकचा किस्सा अजून सांगितला जातो: जगातला सगळ्यात मोठा रॉक बँड ज्यांचा, ते दोघे एका छोट्याशा जागेत उसन्या वाद्यांवर वाजवून-गाऊन गेले. ‘मी तिथे होतो’ म्हणणारे इतके भेटलेत की ती जागा षण्मुखानंद सभागृहाएवढी तरी असली पाहिजे.

स्टुडिओतलं ते काम मात्र अल्बमवर आलं नाही. ते चोरवाटांनी फिरत राहिलं आणि त्याची कितवीतरी प्रत माझ्याकडे होती. ‘फ्रेंड्स’ मुळात ‘लेड झेपेलिन थ्री’वरचं, 1970 चं. पेजने त्यात अकूस्टिक गिटारीच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या जुळवल्यात. खालून वर मोजलं तर सा ध सा प सा ग. गिटार मी थोडीफार वाजवतो, त्यामुळे हे कळल्यावर किती आनंद झाला ते सांगता येत नाही. खर्जाचा षड्ज घुमतो आणि वर पंचम, गंधार उघडे वाजतात. मी तारा जुळवून कॅसेटीबरोबर वाजवायला बसे आणि हमखास बेसूर होई. पेजचं गाणं पांढरी एकमध्ये. माझी कॅसेट पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधे कुठेतरी लटकलेली. कोणा एकाच्या डेकची मोटर जरा हळू फिरताना प्रत निघाली होती, आणि पुढच्या सगळ्यांनी तो वाढीव सूर इमानाने जपला होता. मी काय केलं? गिटार चढवून घेतली. मूळ गाण्याशी विसंगत झालं तरी चालेल, पण कॅसेट खोटी कशी असेल.

2014 साली पेजने स्वतःच आपलं कपाट उघडायला सुरुवात केली. पहिले तीन अल्बम त्या वर्षीच्या जूनमध्ये, मग पुढचे, आणि शेवटची तुकडी 31 जुलै 2015 रोजी. प्रत्येक अल्बमबरोबर जोड-तबकडी, तिच्यात कच्ची मिक्सं, वेगळे टेक, न आलेले तुकडे, सगळे त्याने स्वतः निवडलेले (पहिल्या अल्बमला तेवढी 1969 ची पॅरिसची मैफल जोडलेली). आमच्या कंपूत दोन तट पडले. काहींना दिवाळी वाटली. माझ्यासारख्यांना जरा हिरमुसल्यासारखं झालं, कारण जी गोष्ट फक्त आपल्याकडे होती ती आता ज्याच्या त्याच्याकडे असणार होती. हा मत्सर होता, संगीतप्रेम नव्हतं. पण त्या वेळी मी त्याला संगीतप्रेमच म्हणत होतो.

सगळ्यात जास्त वाट मी ‘स्टेअरवे टू हेवन’ची पाहत होतो. ते गाणं ज्यावर आहे त्या चौथ्या अल्बमची गोष्ट अशी: 1971 च्या सुरुवातीला पेज आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स फिती घेऊन लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत मिक्सिंगला गेले. तिथे सगळं झकास वाटलं. लंडनला परत येऊन ऐकलं तर पार फिकं. लॉस एंजेलिसमधल्या स्पीकरांनी दगा दिला होता. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चं मिक्स तेवढं ठेवलं, बाकी सगळी गाणी पुन्हा मिक्स केली, अल्बम बाहेर यायला नोव्हेंबर उजाडला. सनसेट साउंडमधलं ते नाकारलेलं ‘स्टेअरवे’ आता अधिकृतपणे मिळणार होतं. मी दिवे मालवून, हेडफोन लावून बसलो.

काय सांगू! तेच गाणं. जवळजवळ तेच. थोडं लांबून आल्यासारखं, कुठे बासऱ्या जरा वेगळ्या ठिकाणी, कुठे आवाजाला धार कमी. मी पुन्हा ऐकलं, मग मूळ ऐकलं, मग पुन्हा हे. आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली की मला मूळ जास्त आवडतंय. नुसतं सवयीने नव्हे. मूळ मिक्समध्ये गाणं पायरी पायरीने जवळ येतं. ते कोणीतरी मुद्दाम, आधीचं काम फुकट घालवून, तसं आणलेलं आहे.

मग मी बाकीचंही त्या कानाने ऐकू लागलो. ‘लेव्ही’चं एक आधीचं रूप ‘इफ इट कीप्स ऑन रेनिंग’ या नावाने 2015 च्या तुकडीत आलं. गाणं चालतं, ठेका बरा आहे, पण तो ड्रमचा आवाज त्यात नाही. तो आवाज नंतर हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत सापडला: बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले, मायक्रोफोन वर जिन्यात टांगले, आणि तीन मजल्यांची पोकळी त्या वाद्यात शिरली. म्हणजे आधीचं रूप हा ‘अस्सल’ लेव्ही आणि नंतरचा चकचकीत, असं काही नव्हतंच. आधीचं रूप हे गाणं अजून सापडलं नव्हतं तेव्हाचं होतं.

इथे माझं घरचं समीकरण पहिल्यांदा हललं. ख्यालाच्या तबकडीमागे मैफल असते. तबकडी तिची छोटी छाया. लेड झेपेलिनच्या अल्बमामागे तशी मैफल नाही. स्टेजवर ते वेगळंच काही करत, ती गोष्ट निराळी. पण अल्बम ही स्टुडिओत घडवलेली वस्तू होती आणि घडवणारा पेज होता. झेपेलिनच्या आधी तो 1960 च्या दशकात लंडनच्या स्टुडिओंमध्ये भाड्याने गिटार वाजवत असे, एका सत्रातून उठून दुसऱ्या सत्रात. दुसऱ्यांचे टेक कसे निवडले जातात, कशाला पुसलं जातं, हे त्याने जवळून पाहिलेलं. ‘स्टेअरवे’चा सोलो त्याने जेफ बेककडून मिळालेल्या जुन्या टेलिकास्टरवर तीनदा वाजवला, तिन्ही वेळा वेगळा, उत्स्फूर्त, आणि एक ठेवला. मला वर्षानुवर्षं त्या उरलेल्या दोनांची स्वप्नं पडत. ठेवलेला एक त्याने का ठेवला असेल, असा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. आता पडतो, आणि त्या प्रश्नाने तो सोलो मला जास्त ऐकू येतो: सुरुवातीचे ते सावकाश उतरणारे स्वर, घाई न करता, जणू आधीची सहा मिनिटं वाया गेली तरी हरकत नाही.

फिती कुठून आल्या हा प्रश्न तर आम्ही एकमेकांना विचारतच नसू. विचारणं असभ्य समजलं जाई. पुढे वाचनात आलं की 1980 च्या दशकात पेजच्या घरातून फिती चोरीला गेल्या होत्या आणि सरावाचं बरंचसं साहित्य त्या वाटेने बाजारात आलं. माझ्याकडे हेडली ग्रेंजच्या सरावाची म्हणून एक कॅसेट होती. ती त्यातली होती की नव्हती ते ठरवायला माझ्याकडे साधन नाही. पण नाव काढलं की मला तिचा अभिमान वाटायचा, तो वाटेनासा झाला.

2007 च्या जुलैत पेज ग्लासगोच्या न्यायालयात साक्षीला उभा राहिला होता, बूटलेग विकणाऱ्या एकाच्या खटल्यात. त्याचं म्हणणं मला तेव्हा लागलं होतं, आज पटतं. चाहत्यांनी आपापसात संगीताची देवघेव करावी, त्याला त्याची हरकत नव्हती. पण नीट वेष्टन घालून, आत नुसती घरघर असलेला माल विकायचा, हे कायद्यालाही धरून नाही आणि नीतीलाही. खरं तर झेपेलिनच्या गोटात या बाबतीत पूर्वी एवढी समजूतदार भाषा नव्हती. त्यांचा व्यवस्थापक पीटर ग्रँट 1971 साली व्हँकुव्हरला एका माणसाचं यंत्र फोडून मोकळा झाला. चोरून ध्वनिमुद्रण चाललंय असा त्याचा समज. ते बिचारे आवाजाची पातळी मोजायला आलेले सरकारी लोक निघाले.

पेजच्या साक्षीवर मी वडिलांशी बोललो, तर त्यांनी केसरबाई केरकरांची आठवण काढली. आपलं गाणं कोणी परस्पर टिपून नेलेलं बाईंना मुळीच खपत नसे, ही गोष्ट आमच्या घरात कौतुकाने आणि थोड्या रागाने सांगितली जाई. केवढा ठेवा गेला, म्हणून. त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटं 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. नमुना म्हणून आम्ही ज्याला नाक मुरडत होतो, त्यातलाच एक. ‘बाईंनी जे द्यायचं ते दिलं,’ वडील म्हणाले. मैफिलीच्या फितींवर जन्म काढलेला माणूस हे म्हणतो, याचं मला नवल वाटलं. त्यांना वाटलं नाही.

आता मुंबईच्या त्या दोन गाण्यांकडे येतो, कारण माझ्या बदललेल्या मताला तीच पुरून उरली. ती 2015 साली ‘कोडा’ या अल्बमच्या जोड-तबकड्यांवर स्वच्छ होऊन आली. ‘फोर स्टिक्स’चं नाव तिथे ‘फोर हँड्स’. माझी गिटार मी निमूट पांढरी एकवर उतरवली. सूर जुळला, आणि इतकी वर्षं खरखरीखाली दबलेलं काही ऐकू आलं. तबला मोकळा झाला. व्हायोलिनं एक ढग होती, ती माणसं झाली. एक जण किंचित मागे, एक जण पुढे.

आमच्या इमारतीत एक निवृत्त व्हायोलिनवादक राहतात. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात हयात गेलेली. त्यांना ऐकवायला गेलो. हेडफोन त्यांनी नाकारला, स्पीकर लावायला लावला, आणि खुर्चीच्या हातावर तर्जनीने मात्रा मोजत ऐकलं. ‘फ्रेंड्स’ला मान डोलावली. ‘फोर हँड्स’ला बोट थबकलं. त्या गाण्यात कधी पाच मात्रा, कधी सहा, आणि बॉनम मूळ गाण्यात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन ते रेटून नेतो.

‘अहो, हात बसलेला नाहीये अजून,’ ते म्हणाले. ‘वाचून वाजवतायत. रिहर्सल असेल ही.’

‘काका, टेक आहे तो.’

‘साहेबांना चालला असेल. आमच्याकडे ओके झाला नसता. अजून एकदा घ्या म्हणाले असते, आणि पुढच्या वेळी ही पोरं बरोब्बर समेवर आली असती.’ मग जरा थांबून, ‘कोण कोण होतं?’

गाण्याच्या नावापुढे कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढंच छापलंय, असं सांगितलं.

‘हां. म्हणजे आम्हीच,’ ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

पेजचा नकार आता मला कळतो. त्याने ठेवलेलं आणि टाकलेलं, दोन्ही त्याचं काम आहे, आणि टाकलेलं त्याने स्वतः दाखवलं तर मी खुशाल ऐकतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या बाबतीत तसं झालं नाही. 1970 साली तो गेला आणि 1975 च्या ‘क्रॅश लँडिंग’मध्ये निर्मात्याने त्याच्या जुन्या साथीदारांचं वादन पुसून नवे वादक त्याच्या गिटारीभोवती बसवले. तो अल्बम माझ्याकडे आहे, आणि आता मी तो लावत नाही. इथवर माझं नवं मत ठीक चालतं. पण मुंबईच्या फितीत ज्यांचा हात बसला नव्हता, त्यांना कोणी विचारलं होतं? पेजने आपला अपुरा टेक त्रेचाळीस वर्षांनी बाहेर काढला तो त्याचा अधिकार. त्या तबलजीला आणखी एक टेक हवा होता का? पहिल्या समीकरणाने मी त्याला पेजच्या दुर्मीळ फितीतली खरखर समजत होतो. दुसऱ्या समीकरणात तो पेजच्या निर्णयाखाली झाकला जातो. दोन्हीकडे तो नाहीच.

कॅसेटी मी बहुतेक वाटून टाकल्या. ज्यांना त्या इभ्रतीची अजून किंमत आहे अशी मंडळी आहेत, त्यांनी आनंदाने नेल्या. मुंबईची तेवढी ठेवली आहे. अधिकृत तबकडीवर प्रत्येक गाण्याचं एकच रूप आहे. माझ्या कॅसेटीत त्याआधीचे सरावाचे तुकडे आहेत, चढ्या सुरात, खरखरीसकट. काकांना मी ते नेऊन देणार आहे. त्यांच्या ओळखीतले त्या काळचे दोघे-तिघे अजून शिवाजी पार्काला संध्याकाळी भेटतात. त्यांच्यापैकी एखाद्याने कोणाचा गज ओळखला तर निदान एक नाव तरी लिहून ठेवता येईल.